औषध महानियंत्रक साहेब, हे इंजेक्शन नेमकं कोणत्या कप्प्यात टाकायचं?

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
माहितीसाठी: विमा नियामक प्राधिकरण, हैदराबाद आणि अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र

साहेब, नमस्कार.

मी नागपुरातली एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट. सक्करदऱ्याकडे आमचं औषधांचं छोटं दुकान आहे, काउंटरवर मी, मागे एक पोरगा अन् बिलिंगचा एक जुना कॉम्प्युटर. पत्र या कॉम्प्युटरपासूनच सुरू करते, कारण भानगड तिथेच सुरू होते. नवीन औषध दुकानात आलं की सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद करावी लागते, नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी, एमआरपी, आणि खाली एक खिडकी असते, कॅटेगरी. ती भरल्याशिवाय एंट्री सेव्हच होत नाही. यादीत "अँटी-डायबेटिक" आहे, "अँटी-ओबेसिटी" पण आहे, दोन्हीवर एकदम टिक करायची सोय नाही. आता मला सांगा, मौंजारो नावाचं इंजेक्शन कुठे टाकू?

मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आलं. आत टिर्झेपाटाइड आहे, आणि मंजुरी दोन्हीसाठी आहे, टाइप टू डायबेटिससाठी पण अन् वजनासाठी पण. त्यानंतर जूनमध्ये वेगोव्ही आलं, ते मुख्यतः वजनासाठी. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक आलं, ते डायबेटिससाठी. वेगोव्ही आणि ओझेम्पिक दोघांच्या पोटात एकच औषध, सेमाग्लुटाइड. एकाच पोराचं शाळेत एक नाव अन् घरी एक नाव असावं तसं. अमेरिकेत टिर्झेपाटाइडचीपण अशीच दोन नावं आहेत, डायबेटिसवाल्यासाठी मौंजारो आणि वजनवाल्यासाठी झेपबाउंड, आपल्याकडे मात्र एकाच नावावर दोन्ही कामं. म्हणजे ओझेम्पिक-वेगोव्हीच्या बाबतीत निदान डब्यावरून अंदाज तरी येतो की पेशंट कशासाठी घेऊन राहिला, मौंजारोच्या बाबतीत तेही नाही. होलसेलरच्या फाइलमधून जी कॅटेगरी भरून येते ती आम्ही तशीच ठेवतो, आणि ती येते अँटी-डायबेटिक.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? कॉम्प्युटरमध्ये काय लिहिलंय त्याने औषधाचा गुण थोडीच बदलतो.

गुण नाही बदलत साहेब, पेशंटचा रेकॉर्ड बदलतो. आमच्या एक नेहमीच्या ताई आहेत. शुगर नाही, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, तीही एकदम नॉर्मल, पण वजन शंभरीच्या घरात, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन लावून झोपतात. रामदासपेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी नीट तपासून, सगळे रिपोर्ट बघून टिर्झेपाटाइड सुरू केलं. चांगला गुण आला, वजन उतरलं. मग पित्ताशयात खडे निघाले. वजन भराभर उतरलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, ही माहीत असलेली गोष्ट आहे, डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं. ऑपरेशन झालं, मेडिक्लेम टाकला. विमा कंपनीने जुनी औषधांची बिलं मागितली, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या बिलात औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरात कॅटेगरी छापून येते. झालं! कंपनीचं पत्र आलं, तुम्हाला डायबेटिस कधीपासून आहे, पॉलिसी घेताना का सांगितलं नाही, आजार लपवला म्हणून क्लेम का नाकारू नये याचा खुलासा करा.

ताई ते पत्र घेऊन थेट दुकानात. चेहरा पाहण्यासारखा होता. "अव ताई, मले शुगर हाय का? मलेच नाही माहीत!" म्हणे. मी हसले खरी, पण त्यांना काही हसू येत नव्हतं, हॉस्पिटलचं बिल घरचं सोनं ठेवून भरलं होतं त्यांनी. मग मी लेटरहेडवर लिहून दिलं की हे औषध अमुक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वजनासाठी दिलं आहे, डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, लॅबवाल्याने जुने एचबीए१सीचे रिपोर्ट काढून दिले. क्लेम शेवटी पास झाला. पण त्या बाईने जो आजार तिला नाहीच तो नाही हे सिद्ध करण्यासाठी रामदासपेठ ते दुकान ते विमा ऑफिस अशा ज्या चकरा मारल्या, त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा?

आणि हे काही या नव्या इंजेक्शनांपासून सुरू झालेलं नाही. पीसीओडीच्या किती पोरी मेटफॉर्मिन खातात! विशीतल्या पोरी, शुगर नसते, पाळी नियमित व्हावी म्हणून डॉक्टर देतात. त्यांच्या बिलावर पण अँटी-डायबेटिकच. उद्या यांची लग्नं होतील, पॉलिसी निघतील, कोणीतरी जुनी बिलं उकरून काढेल. मेटफॉर्मिन स्वस्त म्हणून तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आता महिन्याला दहा-पंधरा हजाराचं इंजेक्शन आलं म्हणून सगळ्यांना दिसून राहिलं.

बरं, मी त्या ताईंच्या बिलावर अँटी-ओबेसिटी छापलं असतं तर सुटली असती का? नाही. विमा नियामकांच्या ठरलेल्या वगळण्यांच्या यादीत सहा नंबरला "लठ्ठपणा / वजन नियंत्रण" बसलेलं आहे. नीट वाचलं तर ते कलम ऑपरेशनबद्दल आहे, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चाळीस किंवा त्यावर हवा, किंवा पस्तीस अथवा त्यावर आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारी शुगर असलं काही हवं, तरच वजनाचं ऑपरेशन मान्य. औषधाचं त्यात नावही नाही. पण क्लेमच्या टेबलावर बसलेला माणूस हेडिंग वाचतो अन् पुढे जातो, हा अनुभव कोणाला नाही? म्हणजे डायबेटिस लिहिलं तर लपवला म्हणून अडकायचं, वजन लिहिलं तर कव्हरमध्ये नाही म्हणून अडकायचं. इकडे आड तिकडे विहीर, अन् मधे आमची ताई.

मला या पत्रात एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती फार अवघड नाही. औषध काय आहे हा एक प्रश्न, आणि या पेशंटला ते कशासाठी दिलंय हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे नोंद ठेवताना दोन्हीला मिळून एकच रकाना आहे. तो वेगळा करा.

ही गडबड फक्त आपल्याकडची आहे असंही नाही. औषधांना कोड देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची जी एटीसी पद्धत आहे, जिचं काम ओस्लोहून चालतं, तिच्यात वजनाच्या औषधांना आख्खा एक कप्पा दिलेला आहे, ए०८. त्यात ऑर्लिस्टॅट आहे, फेंटरमिन आहे. पण सेमाग्लुटाइड तिथे नाही, ते आहे ए१० मध्ये, डायबेटिसच्या कप्प्यात. लिराग्लुटाइड तिथेच, टिर्झेपाटाइड तिथेच. वेगोव्ही सगळ्या जगात मुख्यतः वजनासाठी विकलं जातं, तरी त्यातल्या औषधाचा कोड डायबेटिसचा. त्यांचा नियम असा की औषधाचा मुख्य उपयोग बघून एक कोड द्यायचा, आणि ही औषधं आधी डायबेटिससाठी आली. ठीक आहे, नियम म्हणून मान्य. पण त्याच पद्धतीत अपवाद पण आहेत की. फिनास्टेराइड घ्या. पाच मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी, तिला एक कोड, एक मिलिग्रॅमची गोळी केस गळण्यासाठी, तिला दुसरा कोड, तोही थेट त्वचेच्या औषधांत. अॅस्पिरिनला रक्त पातळ ठेवायला वेगळा, दुखण्याला वेगळा. म्हणजे टक्कलासाठी दुसरा कप्पा निघू शकतो, मग वजनासाठी का नाही? ओझेम्पिकचा डोस एक मिलिग्रॅमच्या आसपास, वेगोव्हीचा चढत चढत २.४ पर्यंत, फरक तर डोसमध्येही आहेच.

मला विचाराल तर ए०८ या कप्प्याचं नावच इतकं खराब झालंय की तिथे जायला कोणाला नको वाटावं. हे माझं मत, कोणी असं लिहून ठेवलेलं नाही. पण वजनाच्या औषधांचा इतिहास बघा. फेनफ्लुरामिन आणि डेक्सफेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून अमेरिकेत १९९७ ला बाजारातून काढले, आपल्याकडे १९९८ ला बंदी. रिमोनाबंटने लोक डिप्रेशनमध्ये जातात, आत्महत्येचे विचार येतात, म्हणून २००९ ला आपण बंद केलं. सिबुट्रामिन, त्याने हार्ट अटॅक अन् स्ट्रोकचा धोका वाढतो, २०११ ला बंद. माझ्या सासऱ्यांच्या काळात हेच सिबुट्रामिन आमच्याच दुकानाच्या रॅकवर होतं, लोक नाव घेऊन मागत होते म्हणतात. उरलं काय तर ऑर्लिस्टॅट, जे खाल्लेल्या तेल-तुपातलं तीसेक टक्के पचू देत नाही आणि ते न पचलेलं कपड्यांवर दाखवतं. तर्रीवाले पोहे खाऊन वर ऑर्लिस्टॅट घेतलेला माणूस दुसऱ्यांदा ते मागायला सहसा येत नाही, एवढं सांगते, पुढचं समजून घ्या.

त्यामुळे नवीन औषधांकडे पण लोक त्याच नजरेने बघतात, बारीक व्हायचं औषध म्हणजे काहीतरी चोरटं, शौकाचं. पण ही औषधं त्या जातीची नाहीत. २०२१ मधल्या मोठ्या ट्रायलमध्ये सेमाग्लुटाइड २.४ वाल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, तुलनेसाठी बिनऔषधाचं इंजेक्शन दिलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. आणि २०२३ मध्ये साडेसतरा हजारांवर लोकांची ट्रायल आली, सगळे आधीच हृदयाचा आजार असलेले, जाड, पण डायबेटिस नसलेले. त्यांच्यात सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयाने मरणं हे मिळून वीस टक्क्यांनी कमी झालं. डायबेटिस नसलेले, हे परत वाचा साहेब. आता या माणसांचं औषध कोणत्या कप्प्यात, डायबेटिसच्या, वजनाच्या की हृदयाच्या?

अमेरिकेत तर हा कप्प्यांचा खेळ करोडो डॉलरचा झालाय. त्यांच्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, वजन कमी करायची औषधं २००३ च्या कायद्यानेच वगळलेली, केस उगवायच्या अन् सौंदर्याच्या औषधांच्या रांगेत. मग मार्च २०२४ मध्ये वेगोव्हीला हृदयाच्या धोक्यासाठी मंजुरी मिळाली, आणि लगेच त्या कारणासाठी तेच औषध चालू झालं. औषध तेच, पेशंट तोच, पोट तेवढंच, कागदावरचं कारण बदललं. आपल्याकडे हेच होणार आहे, फक्त आपल्याकडे कागदच नाही.

कागद नाही म्हणजे काय ते सांगते. ड्रग्ज रूल्सच्या नियम ६५ मध्ये चिठ्ठी कशी असावी ते लिहिलंय. लेखी हवी, डॉक्टरची सही अन् तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, औषध किती अन् डोस काय ते हवं. कशासाठी दिलंय, हे कुठेच मागितलेलं नाही. मी चिठ्ठी उलटीपालटी करून बघते, "इंज. अमुक ५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा" आणि खाली सही, बास. त्यात या इंजेक्शनांच्या मंजुरीला तुमची अट आहे की एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोन-डायबेटिसचे तज्ज्ञ, इंटर्नल मेडिसिनचे तज्ज्ञ, अन् काही कारणांसाठी हृदयाचे तज्ज्ञ, यांच्याच चिठ्ठीवर विकायचं. चांगली अट आहे, मी पाळते, पाळते म्हणून दोन-चार गिऱ्हाइकं रोज तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातात. पण या अटीने कोण लिहितो तेवढंच कळतं, काहून लिहितो ते कळत नाही. आणि नागपुरात ठीक आहे, रामदासपेठ-धंतोलीत दर दुसऱ्या बिल्डिंगवर तज्ज्ञांच्या पाट्या आहेत, गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाने एका चिठ्ठीसाठी नागपूर गाठायचं का, हाही विचार व्हावा.

आणखी एक होऊन राहिलं, ते जरा नाजूक आहे. वजनासाठी मंजुरी आहे ती बीएमआय तीस किंवा त्यावर, किंवा सत्तावीस अथवा त्यावर असून सोबत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल असं काहीतरी. आपल्या लोकांचं म्हणाल तर आपल्या डॉक्टरांनी २००९ लाच ठरवलंय की भारतीय माणूस पंचवीसला लठ्ठ धरायचा, कारण आपली चरबी पोटावर जमते अन् शुगर-बीपी लवकर धरते. मग बीएमआय सव्वीसचा, पोट सुटलेला, बापाला शुगर, स्वतःला फॅटी लिव्हर, असा माणूस आपल्या व्याख्येने लठ्ठ, पण औषधाच्या मंजुरीत बसत नाही. त्याला औषध द्यायचं तर कोणी कोणी चिठ्ठीवर "टी२डीएम", म्हणजे टाइप टू डायबेटिस, लिहून मोकळं होतं. डॉक्टर पेशंटचं भलंच करायला बघतो, पण तेवढ्या लिहिण्याने तो माणूस जन्माचा डायबेटिक झाला. पुढे नोकरीच्या मेडिकलमध्ये, विम्यात, ड्रायव्हिंगच्या फिटनेसमध्ये ते त्याच्या मागे लागणार. देशाच्या आकड्यातही एक डायबेटिक वाढला, जो नाहीच. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात दहा कोटींच्या वर डायबेटिसवाले निघाले, ते रक्त तपासून काढलेले आहेत म्हणून ठीक, पण उद्या कोणी औषधविक्रीवरून हिशेब मांडला तर काय निघेल? डायबेटिसच्या औषधांची विक्री वाढली की डायबेटिस वाढला म्हणायचं की लग्नसराई आली म्हणायचं, कोण सांगणार?

लग्नसराईचं गमतीने नाही म्हटलं. दिवाळीनंतर सुरू होतं हे. नवरीची आई येते, नवरी लाजत बाहेर गाडीवर बसलेली, आणि विचारतात "ते आठवड्याचं इंजेक्शन द्या ना, पार्लरवाली म्हणे मी लावून देते." पार्लरवाली! मी नाही म्हटलं की त्या नाराज होतात, पण त्यांना मिळणार नाही असं थोडंच आहे. जिममधून मिळतं, ऑनलाइन मिळतं, बिनबिलाचं मिळतं. या पेनला दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं साहेब. फ्रिजबाहेर काढलं तर काही दिवस चालतं, पण ते तीस डिग्रीच्या आत. आता नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, मे २०२४ ला इथल्या एका सरकारी मशीनने ५६ डिग्री दाखवलं होतं, ते मशीन बिघडलेलं निघालं ही गोष्ट वेगळी, पण पंचेचाळीस तर न बिघडलेलं मशीनही दाखवतं. घरातल्या खोलीत पस्तीस-सदतीस असतं. त्यात जिमच्या ट्रेनरच्या बॅगमध्ये दुपारभर फिरलेलं इंजेक्शन, त्यात औषध किती उरलं अन् काय उरलं? तरी गिऱ्हाइकाला वाटतं बारीक व्हायचंच तर आहे, आजाराचं औषध थोडंच आहे.

आणि इथे मला तुमच्याच कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९५४ चा जो जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्याच्या शेड्यूलमध्ये ज्या आजारांच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे त्यांची यादी आहे. त्या यादीत डायबेटिस आहे, कॅन्सर आहे, आणि लठ्ठपणा पण आहे. म्हणजे साठेक वर्षांपूर्वीच, १९६३ च्या दुरुस्तीत, आपल्या संसदेने लठ्ठपणाला आजारांच्या रांगेत बसवलं. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने ते २०१३ ला केलं. इतक्या आधी शहाणपण आलेल्या देशात सीताबर्डीला उतरल्यावर खांबाखांबावर काय दिसतं? "बिना डायट, बिना व्यायाम." फोन नंबर खाली. त्याच कायद्यात औषधाच्या व्याख्येत शरीरावर परिणाम करणारी वस्तू धरताना खाद्यपदार्थ वगळलाय, मग सगळे आपापल्या डब्यावर फूड सप्लिमेंट लिहितात अन् सुटतात. माझ्याच दुकानात बघा, ऑर्लिस्टॅट चिठ्ठीशिवाय देता येत नाही, ते तुमच्याकडे. मेदोहर गुग्गुळ आयुषकडे. गार्सिनियाच्या कॅप्सूल अन् स्लिम टी अन्न सुरक्षावाल्यांकडे. पोटावर चोळायचं जेल कॉस्मेटिक. चौघांचं काम एकच सांगितलं जातं, नियम चार. आणि बंद झालेलं ते सिबुट्रामिन जगभर "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये वारंवार सापडलंय, अमेरिकेचं एफडीए वर्षानुवर्षं इशारे देऊन राहिलंय. समोरच्या दारातून काढलं, मागच्या दारातून हर्बल होऊन आलं.

आता मुद्द्याचं. घाई का करते ते पण सांगते. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली. वेगोव्ही आलं तेव्हा महिन्याचं सतरा हजारांच्या वर होतं, पाच महिन्यांत सुरुवातीचा डोस १०,८५० वर आला, तेही पेटंट असताना. आता देशी कंपन्यांचं सेमाग्लुटाइड येऊन राहिलं, भाव उतरून राहिले, आणि उतरायलाच पाहिजे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, ज्याला गरज आहे त्या आमच्या भागातल्या रिक्षावाल्याला पण मिळालं पाहिजे. पण ब्रँड किती होतील! प्रत्येकाचं नाव वेगळं, कोणाचं डायबेटिससाठी, कोणाचं वजनासाठी, कोणाचं दोन्हीसाठी, अन् माझ्या त्या खिडकीत टिक एकच. मोजक्या ब्रँडमध्ये एवढा घोळ होता तर पन्नासमध्ये काय होईल.

म्हणून मागते ते एवढंच. या वर्गाच्या औषधांसाठी चिठ्ठीवर कारण लिहिणं सक्तीचं करा, एक शब्द पुरे, वजन, शुगर, हृदय, झोप, जे असेल ते. ते कारण माझ्या बिलात अन् रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात जाऊ द्या, आणि औषधाच्या रकान्यात फक्त ते औषध शरीरात काय करतं ते राहू द्या, सेमाग्लुटाइड जीएलपी-१ नावाच्या हार्मोनसारखं काम करतं म्हणून त्याला जीएलपी-१ वर्ग म्हणा, टिर्झेपाटाइड दोन हार्मोनांचं काम करतं म्हणून त्याला दुहेरी म्हणा, पण आजाराचं नाव तिथून काढा. रजिस्टर नवीन शोधायची गरज नाही, २०१४ पासून आम्ही शेड्यूल एच-वनचं, म्हणजे जास्त जपून विकायच्या औषधांचं, रजिस्टर ठेवतोच, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग, तीन वर्षं सांभाळतो, त्यातच हा एक रकाना वाढवा. आमच्याच धंद्यातले काही भाऊ माझ्यावर चिडतील, आधीच कामाचा व्याप कमी आहे का म्हणून, चिडू द्या. साइड इफेक्टचा फॉर्म भरताना तर औषध कशासाठी दिलं हा रकाना आजही आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनला जातो तो फॉर्म, तिथे आम्ही अंदाजाने भरायचं का?

कोणी म्हणेल असं कारण लिहायला लावलं तर बाईमाणसाला लाज वाटेल, दुकानात चारचौघांत वजनासाठी म्हणून कसं दाखवायचं. हा मुद्दा मला पटतो, मी रोज बघते, लोक चिठ्ठी घडी करून पुढे सरकवतात. त्याला उपाय म्हणजे बिलावर ते कारण छापायचंच नाही, फक्त रेकॉर्डमध्ये ठेवायचं, पेशंटने मागितलं तरच द्यायचं. न विचारता बिलावर "अँटी-डायबेटिक" छापून येतं तेव्हा कोणी त्या ताईला विचारलं होतं का?

विमा नियामकांना वेगळं पत्र लिहायचा पेशन्स नाही, म्हणून इथेच. औषधाच्या नावावरून किंवा बिलावरच्या कॅटेगरीवरून आजार लपवला असं ठरवू नका, असं एक परिपत्रक काढा. निदान डॉक्टरचं असतं, रिपोर्टचं असतं, माझ्या कॉम्प्युटरचं नसतं. आणि ते सहा नंबरचं कलम पुन्हा एकदा वाचून स्पष्ट करा, ऑपरेशनपुरतं आहे की औषधालाही लागू आहे, जे असेल ते, पण लिहून.

आमच्या महाराष्ट्राच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, साहेबांना एवढंच की दुकानात तपासणीला येता तसं कधी पार्लर अन् जिमच्या फ्रिजमध्ये पण डोकावा. फ्रिज सापडला तर.

हे सगळं व्हायला वेळ लागेल ते मला कळतं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टातही या औषधांच्या मंजुरीवरून जनहित याचिका झाली आणि कोर्टाने ती बाब तुमच्याकडेच पाठवली, म्हणजे तुमच्या टेबलावर हा विषय आहेच. तोवर मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. ही इंजेक्शनं घ्यायला कोणी आलं की डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून कशासाठी दिलंय ते विचारते आणि चिठ्ठीच्या झेरॉक्सवर पेन्सिलने लिहून फाइलला लावते. यात नियमाची काही अडचण असेल तर तेवढं लवकर कळवा, म्हणजे मी पेन्सिल ठेवायची की पेन घ्यायचा ते ठरवते.

आपली,
एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट
सक्करदरा, नागपूर